राक्षसाचं तोंड

“धूसरपणामुळे साम्राज्यं बुडालेली आहेत,” मालक खुर्चीवर उभे राहून म्हणाले. खुर्ची चाकांची होती. पुढचं वाक्य त्यांनी चार फूट पलीकडे, कपाटाला धरून पूर्ण केलं. “तेव्हा सोमवारपर्यंत राक्षसाचं तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर ज्याची चूक असेल त्याने सामान आवरायचं.”

गेम बाजारात यायला आठवडा उरला होता. ज्यांना तो आधी खेळायला दिला होता, त्या सगळ्यांची तक्रार एकच होती. किल्ला झकास, धुरळा झकास, राक्षसाचं अंगसुद्धा झकास. तोंड मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखं. एकाने लिहिलं होतं, ‘मी कोणाला मारतोय ते तरी कळू द्या.’

गेममधली चित्रं चित्रकार काढत असे. ती पडद्यावर हलतीफिरती करण्याचं काम प्रोग्रामरचं. प्रोग्रामर हा चित्रकाराच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला इथे चिकटवून दिलं होतं चित्रकारानेच, आणि या उपकाराबद्दल दोघांनीही एकमेकांना कधी माफ केलं नव्हतं. रविवारी ताईच्या घरी जेवायला बसले की दोघं मीठसुद्धा तिच्यामार्फत मागत.

“तुझा कोड भिकार आहे,” चित्रकार म्हणाला.

“माझ्या कोडात बाकीची दोनशे तोंडं दिसतात, भाऊजी. तुमचा राक्षसच तेवढा घुंगट घेऊन का फिरतो?”

“जिभेला हाड आहे का तुझ्या?”

“ताईकडे बघून गप्प बसतो. नाहीतर बरंच बोलता येतं मला.”

प्रोग्रामरने तीन दिवस सगळे उपाय केले. धुकं बंद केलं. उजेड वाढवला. बारकावे दाखवणारी प्रत्येक सेटिंग टोकाला नेली. किल्ल्याच्या भिंतीवरची मुंगी दिसायला लागली. तोंड होतं तसंच. चौथ्या दिवशी त्याने तोंडाच्या चित्राची मूळ फाइल उघडली. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं. तिकिटाएवढं चित्र चाळीस फुटी राक्षसाच्या तोंडावर ताणून बसवलं, तर दुसरं काय होणार?

तो तिथूनच मालकांकडे पळणार होता. पण एक गोष्ट त्याला खटकली. किल्ल्याची वीट न् वीट हाताने रंगवणारा माणूस इथेच कसा आळशी झाला? त्याने भाऊजींचं जुन्या चित्रांचं फोल्डर उपसलं. तळाशी मोठं चित्र सापडलं. ते त्याने उघडलं आणि आधी उठून दार लावून घेतलं.

राक्षसाच्या जागी मालक होते. शिंगं, सुळे, आणि मधे मालक. भाचीच्या शाळेतल्या नाटकासाठी मालकांनी भाऊजींना अर्ध्या दिवसाची रजा नाकारली होती, त्या दिवसाची तारीख चित्रावर होती. रागात काढलेल्या चित्राची राग उतरल्यावर चित्रकाराला धास्ती वाटायला लागली होती. पुसायला मात्र जीव होईना. इतकं चांगलं काम त्याच्या हातून पुन्हा झालं नव्हतं. म्हणून त्याने ते कोणाला ओळखू येणार नाही इतकं बारीक करून टाकलं होतं.

सोमवारी सगळं ऑफिस मोठ्या पडद्यासमोर जमलं. मेव्हण्याचा चेहरा खुललेला पाहून चित्रकार त्याच्या शेजारी सरकला.

“काय केलंस?” तो कानाशी पुटपुटला.

“तुमचंच चित्र लावलंय. पूर्ण आकारात.”

“काढ ते. हात जोडतो. घर चालतं रे या नोकरीवर.”

“ताईला मी सांभाळीन. तुम्ही खोकी शोधा.”

किल्ल्याचा दरवाजा फुटला. राक्षस बाहेर आला. त्याच फेंदारलेल्या नाकपुड्या, हनुवटीवरचा तोच तीळ, ‘नाही’ म्हणताना पुढे येणारा तोच खालचा ओठ. मागे कोणीतरी खोकला गिळला. स्वागतकक्षातल्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि मग छताकडे पाहत राहिल्या.

मालक पडद्याजवळ गेले. राक्षसाने ओठ पुढे काढला. मालकांनीही काढला.

“हे कोणी काढलं?”

“यांनी,” प्रोग्रामर म्हणाला. “आमच्या भाऊजींनी. नीट बघा साहेब. जवळून बघा.”

“नीटच बघतोय.” मालक वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “हुबेहूब. माझा थोरला भाऊ.”

या भावाशी मालकांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तो एकदाच ऑफिसात आला होता, तेव्हा शिपायाने त्यालाच मालक समजून चहा नेऊन दिला होता. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, मालक सोडून.

“तीच नजर, तोच माज,” मालक म्हणाले. त्यांनी चित्रकाराच्या खांद्यावर हात ठेवला. “मी बायकोला जन्मभर हेच सांगत आलो, तिला पटलं नाही. तुम्ही एका चित्रात सांगितलंत. आता हा माणूस घराघरात मार खाणार.”

नोकरी वाचली होती. चित्रकाराने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. त्याऐवजी त्याचे कान लाल झाले. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्याने डोळ्यांदेखत दुसऱ्याच माणसाचं चित्र म्हणून खपलेलं पाहिलं.

“साहेब, हा भाऊ नाही...” तो म्हणाला.

“साहेब, हे तर...” त्याच क्षणी प्रोग्रामर म्हणाला. एवढ्या वर्षांत दोघांना पहिल्यांदाच एक वाक्य मिळून बोलावंसं वाटत होतं.

मालकांनी हात वर करून दोघांना थांबवलं. पडद्यावरच्या तोंडाकडे त्यांनी मान तिरकी करून आणखी एकदा पाहिलं. मग स्वतःच्या डोक्यावरून हलकेच हात फिरवला.

“फक्त केस थोडे कमी करा,” ते म्हणाले. “दादाला माझ्याइतके नाहीत.”