तिसऱ्यांदा भरलेली नळी

"ओतू नको गं, पेर. दाण्याशेजारी दाणा बसू दे." बारा वर्षांपूर्वी, प्रयोगशाळेतल्या तिच्या पहिल्या दिवशी, मामा असं म्हणाले होते. नळीला हात लावला की तो आवाज अजून तिच्या कानात उमटे.

आज मात्र ती मामांनी भरलेली नळी रिकामी करत होती. बोटाएवढी जाड पोलादी नळी. आत मोहरीएवढ्या उत्प्रेरकाच्या गोळ्या. बाहेरून गरम तेल खेळवायचं, आतून वायू सोडायचा आणि भिंतीची ऊब अगदी मधल्या गोळीपर्यंत किती पोचते, ते बारीक तारांनी मोजायचं. काम एवढंच. पण नळी तीनदा भरायची आणि तिन्ही वेळा आकडा तोच यायला हवा. मामा इथले जुने मिस्त्री. त्यांनी भरलेल्या नळ्यांचे आकडे जुळ्या भावंडांसारखे यायचे. गेले तीन महिने तेच आकडे एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

तिने तारा बदलून पाहिल्या. तेलाचा पंप बदलला. शुक्रवारी आकडा कारखान्याकडे जायचा होता; त्यावरून चार हजार नळ्यांची भट्टी उभी राहणार होती. आकडा चुकला तर भट्टी आतल्या आत करपणार. आणि तो का चुकतो हे लिहायचं, तर नळी कुणाच्या हातची तेही लिहावं लागणार.

गोळ्या पांढऱ्या कागदावर घरंगळल्या. त्यांच्यामागून चिमूटभर राखाडी पीठ आलं. मामा शेजारीच उभे होते; तिने पटकन त्यावर तळहात ठेवला.

"हात उचल, बाई." रागावले की मामा तिला बाई म्हणत.

"गोळ्याच कच्च्या आल्यात या खेपेला, मामा."

"त्या बिचाऱ्यांना तोंड नाही, म्हणून त्यांच्यावर ढकलतेस होय?" मामांनी तिचा हात अलगद बाजूला केला आणि पीठ चिमटीत घेऊन चोळलं. "दांडीनं ठोकून ठोकून मीच दळलंय हे. तुझ्या प्रयोगशाळेपेक्षा मला एक गिरणी टाकून दे."

तिला हसू आलं नाही. मामांनी नळी आणि लाकडी दांडी तिच्यापुढे सरकवली.

"भर. मी बघतो."

तिने चमच्या-चमच्यानं गोळ्या सोडल्या, दांडीनं हलके ठोके दिले. टणटण वाजणारी नळी हळूहळू भरीव वाजू लागली. मग नुसतं ठक. ती थांबली. मान वर केली तर मामांची नजर नळीवर नव्हतीच. तिच्या तोंडावर होती.

"थांबलीस?"

"आवाज बसला ना, मामा. याउपर ठोकलं तर पीठच."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"बोलणं येतं ऐकू," ते म्हणाले. "हा बारीक फरक नाही येत. चार वर्षं झाली. तू समोर बसायचीस ना गं पोरी, आवाज बसला की तुझ्या कपाळावरची आठी जायची. मग मी थांबायचो. तीन महिने झाले, तू वरच्या खोलीत बसायला गेलीस."