सायबिणीचा मुक्काम

"मांय, तो हंडा चुलीवरनं उतरवा की."

लवीना हे तिसऱ्यांदा म्हणाली. आवाज न्हाणीघरातून आला, तान्ह्याच्या रडण्याच्या वरताण.

"आले गे, आले," कोन्सूबाय म्हणाली आणि जागची हलली नाही. तिला हलता येत नव्हतं. समोर टेबलावर, काचेच्या पेटीत, सायबीण होती. पांढरी शाल, निळा पट्टा, पायाशी मेणबत्ती. रामनगराजवळच्या या वाडीत मेरीमातेची ही मूर्ती एकेका ख्रिस्ती घरात एकेक दिवस मुक्कामाला येते आणि मुक्कामात तिला क्षणभरही एकटं सोडायचं नसतं. हा नियम कुणी केला ते फादरनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळं तो मोडायची परवानगी कुणाकडं मागावी तेही कळत नव्हतं.

खरं तर कोन्सूबायच्या घराची पाळी नाताळाच्या तोंडावर होती. पण बाळंतीण सून लवीना रडायची थांबेना, जेवेना, झोपेना. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, "हा आजार हाय, डॉक्टरना दाखवा, औषध असतंय." कोन्सूबाय "व्हय व्हय" म्हणाली आणि घरी येऊन सायबिणीचा नंबर आधी लावून घेतला. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्या मंडळाच्या मार्सेलीन आंटींना कारण दिलं, नातवाला आशीर्वाद. सुनेचं डोकं फिरलंय असं मंडळाला सांगितलं तर सगळी वाडी जपमाळ घेऊन दारात उभी राहील, आणि निम्मी प्रार्थनेला आलेली नसेल.

"मांय, उकळतंय ते!"

"मग विसण घाल. सायबीण घरात हाय, भ्यायचं कशाला?"

नुसता पाण्याचा खदखदाट. मग बाळाचं रडणं थांबलं.

कोन्सूबायची बोटं जपमाळेच्या मण्यावर थांबली. दिवसभर तिनं हे रडणं थांबावं म्हणूनच मागणं मागितलं होतं. आता थांबलं तर ते पुन्हा सुरू व्हावं असं तिला वाटलं.

"लवीना?"

तिनं न्हाणीघराकडं कान दिला.

"लवीना गे!"

तिनं सायबिणीकडं पाहिलं. सायबीण तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होती. कोन्सूबाय उठली, पदर सावरायचं विसरून धावली.

न्हाणीघर कोपऱ्यातल्या चुलीवरच्या हंड्याच्या वाफेनं भरलं होतं. बाळ दाराजवळच्या पाटावर टॉवेलात गुंडाळलेलं होतं आणि स्वतःची मूठ चोखत होतं. लवीना पार पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे असावेत आणि सुटले तर पळतील.

"घ्या त्याला, मांय. मला जवळ येऊ देऊ नका."

"अगे, झालं काय?"

"दिसतंय मला. त्याला उचललं की दिसतंय. मी त्याला त्या हंड्यात..." तिनं ओठ चावला. "मला करायचं न्हाई हो. जीव हाय तो माझा. पण रोज दिसतंय."

कोन्सूबायनं बाळ उचलून छातीशी धरलं आणि तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "हळू बोल. सायबीण ऐकेल."

"ऐकू दे की," लवीना म्हणाली. "तुम्ही तर ऐकतच न्हाई."

रस्त्यावर गाणं ऐकू येऊ लागलं. सायबिणीला पुढच्या घरी न्यायला मंडळ आलं होतं, आणि नेमकं आजच वेळेआधी.

"कोन्सू!" बाहेरच्या खोलीतून मार्सेलीन आंटींचा आवाज आला. "सायबीण एकटी?"

कोन्सूबाय न्हाणीघराच्या दारात आडवी उभी राहिली. जेवढी होती त्याहून रुंद व्हायचा प्रयत्न केला. आंटी डोक्यावरची प्रार्थनेची पांढरी ओढणी सावरत समोर आल्या. वाफ, नातू, मागं भिंतीला चिकटलेली सून. कोन्सूबायच्या जिभेवर तीन बहाणे तयार होते. ताप आलाय. चक्कर आली. साबणावर पाय घसरला.

"भितीय ती, आंटी," ती म्हणाली. "आपल्याच हातानं पोराला काय करून बसंन म्हणून भितीय."

एरवी आंटी वाक्य पुरं व्हायच्या आत बोलत. आज त्यांनी कोन्सूबायला खांद्यानं बाजूला सारलं, आत गेल्या, चुलीतली जळती लाकडं ओढून काढली आणि त्यांच्यावर बादली ओतली. चर्रर झालं. धुरात त्यांची ओढणी काळी झाली.

"माझा जुजे झाला तेव्हा मला आमच्या विहिरीची भीती होती," त्या बाजारभाव सांगावा तशा म्हणाल्या. "त्याला कडेवर घेऊन काठाशी गेले की हेच दिसायचं. वर्षभर मी पाण्याला गेले न्हाई. सासू म्हणायची, आळशी."

लवीनाचे हात काखेतून हळूहळू बाहेर आले.

"उद्या सकाळच्या बसनं डॉक्टरकडं," आंटी म्हणाल्या. "मी पण येते. औषध हाय म्हणतात आता. आमच्या वेळला आळशी एवढंच होतं. आणि कोन्सू, तोवर हिला एकटी सोडायची न्हाई. ऐकलंस?"

अंगणातलं गाणं संपलं होतं. कुणीतरी खाकरलं. आंटींनी दाराकडं तोंड करून हाक दिली, "आणिक एक तेर्स म्हणा!"

"आत्ताच झाली की, आंटी!"

"मग सवय असेल. म्हणा!"

बाहेर निमूट सुरुवात झाली. आंटी लवीनाशेजारी ओल्या जमिनीवरच बसल्या. कोन्सूबायनं बाळ मांडीवर घेतलं आणि तीही बसली.

सायबीण पुढच्या, बस्त्यावच्या घरी पोचली तेव्हा पार अंधार झाला होता. बस्त्यावच्या बायकोनं तोंड वाकडं करून विचारलं, "एवढा उशीर?"

"आम्ही काय करणार?" मार्सेलीन आंटी म्हणाल्या. "तिलाच निघवेना."