दहा ते एक

चारही पोरांना मी घरीच शिकवते. नियम एकच, आणि तो मोडलेला मला खपत नाही. दहा ते एक मी आई नाही, मॅडम. त्या वेळात ‘आई’ म्हणून कोणी हाक मारली तर मी वळूनही बघत नाही.

आज पाढे घेता घेता भात उतू गेला, तेवढ्यात गॅसवाला आला. परत येऊन बघते तर तीनच पोरं. पाच वर्षांची टीना कुठंच नाही. घरामागं पाण्यानं भरलेली बोडी, लहानसं तळंच. मी अनवाणीच पळाले. “टीना, ये वो! आई बोलावून राहिली!” ओरडून ओरडून माझा घसा बसला. सासूबाईंनी गल्ली गोळा केली. दोघं जण पाण्यात उतरलेसुद्धा.

आणि घरातून थोरल्या हिमांशूनं हाक दिली, “सापडली!”

धान साठवायच्या ढोलीमागं टीना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“काऊन वो, कवापासून आवाज देऊन राहिली मी! ओ देता येत नाही?”

 

तिनं मान न वळवता सांगितलं, “आवाज तं आई देऊन राहिली होती. मले इथं मॅडमनं उभं केलं.”