येतो

"येतो," म्हणत दादा अप्पांची जादा गादी खांद्यावर टाकून गेला, त्याला तास होत आला होता. अजून त्याचा पत्ता नव्हता.

दारात अग्निशमन दलाचा जवान घोटाभर पाण्यात उभा होता. "ताई, चारला धरणाचे दरवाजे उघडणार. वरचा मजलाही बुडेल. गल्लीतली ही शेवटची गाडी. बाबांना खुर्चीत बसवून उचलतो, चला."

शिलाई मशीनचं डोकं टेबलावर ठेवता ठेवता तिने गाडीकडे पाहिलं. उघडी, खडखडणारी. अप्पांच्या कमरेखाली जीव नव्हता आणि झोपून झोपून पाठीला जखमा झालेल्या.

"त्यांना धक्के सोसायचे नाहीत हो. वर माझा भाऊ राहतो. टेम्पो आहे त्याचा, गादी घालतोय आत. येतो म्हणालाय."

"नक्की?"

"सख्खा भाऊ आहे."

सख्खा म्हटल्यावर परका माणूस काय बोलणार? त्याने वहीत खूण केली आणि गाडी गेली.

पाणी उंबरा ओलांडून आत आलं, तेव्हा ती दादाला हाक मारायला जिना चढली. दाराला कुलूप होतं. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा सोडून नेलेली. दोरीच्या गाठी सोडायला वेळ होता म्हणजे. तिने फोन लावला. तो पूर्ण वाजून बंद झाला.

जिन्याच्या खिडकीतून पूल दिसत होता. गाड्यांच्या रांगेत दादाचा टेम्पो मुंगीच्या पावलाने सरकत होता. मागच्या उघड्या भागात अप्पांच्या गादीवर वहिनीचं आरशाचं कपाट आडवं झोपवलं होतं. त्याच दोरीने चहूबाजूंनी नीट बांधलेलं, कुठे धक्का लागू नये म्हणून.

ती खाली आली. खाटेचे पाय पाण्यात होते.

"आला का?" अप्पांनी विचारलं.

"गेला."

तिने अप्पांच्या काखेत हात घातले आणि जिन्याकडे पाहिलं. सतरा पायऱ्या. त्या चढून पुन्हा कुलूपच.

"लहानपणी शाळेला निघताना तो 'जातो' म्हणायचा," अप्पा म्हणाले. "जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे मीच शिकवलं त्याला."