ओढून बघ

आमची पिकअप आखूड. त्यामुळे अरुंद वळणावर आमचं फिरतं घर, म्हणजे ट्रेलर, केबिनला घासू नये म्हणून पिकअपवरचा सरकता हुक मागे घ्यायचा आणि रस्त्याला लागण्याआधी पुन्हा पुढे आणून अडकवायचा. नेब्रास्कात त्या दुपारी हे चौथ्यांदा चाललं होतं.

"खटका बसला. ओढून बघ गं," नवरा, ऑर्व्हिल, मागून ओरडला.

ट्रेलरचे ब्रेक लावून मी गाडी जराशी पुढे रेटली. ट्रेलर हलला नाही. हुक पक्का.

मी इंजिन बंद केलं. ऑर्व्हिल कण्हत शेजारी येऊन बसला. "घर विकून हे सुख घेतलंय आपण!"

तेवढ्यात गाडी बोटभर मागे खेचली गेली.

"पुन्हा कशाला ओढतेस?"

"मी नाही."

मी आरशात बघितलं. ट्रेलर सरकू नये म्हणून चाकांखाली लावलेले ठोकळे तसेच होते.

मग दुसरा हिसका बसला. अगदी हलका, आम्ही नीट अडकलोय का ते बघितल्यासारखा.