नऊ नंबर

"चेंडू आता नऊ नंबरकडे," रेडिओवरचा माणूस म्हणाला.

काकूंनी मशीनच्या पायडलवरून पाय काढला. "बघा, परत! बाकी सगळ्यांची नावं आडनावासकट घेतो. गोलकीपरचं तर सगळं खानदान सांगून झालं मेल्याचं. माझ्या पोराचं नाव तेवढं जिभेला जड होतंय."

शिवणखात्यातल्या बाकीच्या मशिनीही थांबल्या. कॉलरी तशाच ढिगात पडून राहिल्या. काकूंचा मुलगा आज पहिल्यांदा देशाकडून खेळत होता आणि काकूंना रेडिओवर त्याचं नाव ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी, खात्यात रेडिओ लावू द्या म्हणून, त्यांनी मालकांची मनधरणी केली होती.

"अहो, सुरुवातीलाच सांगितलं ना त्यानं," कटिंग मास्तर कात्री न थांबवता म्हणाले. "उद्या मतदान. आज प्रचार बंद. रेडिओवर उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही, असा वरून हुकूम आहे."

"मग नका घेऊ. माझा पोरगा कुठं उभा राहिलाय निवडणुकीला?"

"तो नाही. पण त्याचं नाव राहिलंय ना."

खिडकीसमोरच्या भिंतीवर ते नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. खाली पुढाऱ्याचा फोटो, जाड मान, भरघोस हसू. नाव तेच, आडनावही तेच, नातं मात्र कसलंच नाही. भिंतीवरचं चालत होतं, रेडिओवरचं चालत नव्हतं. नियम म्हटला की असाच असायचा.

"काकू, तुम्ही दुसरं एखादं नाव ठेवायचं होतं," काजं करणारी पोरगी म्हणाली.

"मला काय स्वप्न पडलं होतं, हा बाबा उभा राहणार म्हणून?"

सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत. "एकदा घेतलं असतं तर काय ढिगानं मतं पडणार होती त्याला? मला वाईट वाटतंय हो मास्तर. उगाच कशाला लपवू?"

मास्तरांनी पुढचं कापड ओढलं. ते कापत राहिले.

तेवढ्यात रेडिओवरचा आवाज चढला. "नऊ नंबर... एकाला चुकवलं... दुसऱ्यालाही... नऊ नंबर... गोल! गोल! काय गोल केलाय हा आपल्या..."

आणि तो थांबला. बिचाऱ्याची पंचाईत झाली. नंबराचं कौतुक करायचं तरी किती आणि कसं? तो गप्पच बसला.

मग मैदानाचा आवाज ऐकू यायला लागला. आधी नुसता गलका. हळूहळू त्यातून एकच नाव वर आलं, टाळ्यांच्या ठेक्यावर, हजारो गळ्यांतून. काकूंनी ठेवलेलं.

"घ्या! आता यांना कोण नोटीस देणार?" म्हणत मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

काकू उठून रेडिओजवळ गेल्या. आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. तिकडे नाव थांबायचं नाव घेईना. काकूंनी मनगटानं डोळे पुसले, पण ते काही कोरडे होईनात.

"बघा बघा," त्या मास्तरांना म्हणाल्या, "एवढी माणसं हाका मारताहेत, पण एकाला ओ देईल तर शपथ. घरीसुद्धा अस्संच करतो."