खिडकीची काडी

गाडी एका दमात सुरू झाली आणि अख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या त्या गल्लीत दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार म्हणजे विमान उतरल्यासारखंच, त्यामुळे शेजाऱ्यांनी दुपारपासून खुर्च्याच टाकलेल्या. हिमांशू बोनेटखालून वर आला, कोपरापर्यंत काळा, दात तेवढे पांढरे. हसला. आणि मग ऐकू आलं.

टक. टक. टक. टक.

हसू जिथल्या तिथं थांबलं.

"थे तर पहिलेही होतंच ना," शेजारची दुर्गेश्वरीकाकू खुर्चीतूनच म्हणाली. "मंग आठ दिवस का करून राहिला होता गा?"

आठ दिवस! नागपूरच्या शोरूममधली नोकरी सोडून पोरगा घरी आला, अंगणात ताडपत्री बांधली, 'आता आपलं गॅरेज' म्हणाला, आणि पहिलंच गिऱ्हाईक आलं ते इंद्रकुमार, थेट ही गाडी घेऊन. आवाज इंजिनाच्या वरच्या भागातून, म्हणजे हेडमधून येतो, असं हिमांशूनं छाती ठोकून सांगितलेलं. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बदलले, हेड परत बसवलं. आणि टकटक तिथंच. आता पुन्हा हेड उघडायचं तर गोम ही, की त्या हेडचे बोल्ट एकदाच आवळायचे असतात. सोडले की भंगार. नवे यायला पंधरा दिवस. आणि इंद्रकुमार येणार पाचला. साडेचार तर झालेच होते.

तेवढ्यात त्याचाच फोन. "काहो मेकॅनिकसाहेब, गाडी चालवत नेऊ का ओढत? ओढणारा टोवाला सोबतच आणून राहिलो. इथूनच सीधा नागपूरच्या शोरूमले. तुले टेन्शन नको."

हिमांशूनं फोन खिशात टाकला. इंजिन बंद केलं. तरीही पाना उचलून हेडच्या वरच्या झाकणाला लावला.

मनगटावर हात पडला. बाबांचा.

दुधराम, त्याचे बाबा. सगळी उमर राइस मिलमध्ये फिटर. मिलनं कान पार खाल्लेले. आठ दिवस ओट्यावर बसून बघत होते नुसते. दुसऱ्या दिवशी काहीतरी सांगायला उठले होते, तर हिमांशू चारचौघांत म्हणाला होता, "बाबा, हे तुमची मिल नाही होय. ऐकू तर येत नाही तुमाले, बसा तिकडं." त्यांना ऐकू गेलं नव्हतंच. पण ओठ दिसतात ना माणसाला.

"चालू कर," बाबा म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, गल्लीभर.

"कायले?" हिमांशूनं हातानंच विचारलं.

"चालू कर ना बे!"

केली. टक, टक, टक. बाबा घरात गेले. आत धाडकन आवाज झाला आणि शकुंतलाबाई, हिमांशूची माय, ओरडली, "अजी, खिडकी आदळली ना! काडी काऊन काढली?"

बाबा बाहेर आले. हातात खिडकीला टेकण लावायची सागाची काडी. हातभर लांब, तेलानं काळी पडलेली, एक टोक कुरतडलेलं. हिमांशू ती लहानपणापासून बघत आलेला, आणि उंदरानं कुरतडली असंच समजत आलेला.

बाबांनी काडीचं एक टोक हेडवर टेकवलं. कुरतडलेलं टोक दातांत धरलं. डोळे मिटले.

"इंजिन खाते का गा दुधराम?" मागून कोणीतरी, आणि खुर्च्या हसल्या. हिमांशूला वाटलं, ताडपत्री ओढून घ्यावी अंगावर.

बाबांनी मान हलवली. नाही. काडी जरा सरकवली. नाही. आणखी सरकवली. नाही. मग ती इंजिनाच्या तोंडाकडे नेली, जिथं बेल्ट ताणून धरणारं एक छोटंसं चाक असतं. त्या चाकाच्या बुडाशी टेकवली. बाबांचे डोळे उघडले.

"इथं. बेरिंग गेली."

हिमांशू बघतच राहिला. त्या चाकाला त्यानं आठ दिवसांत हातही लावला नव्हता. बेअरिंग म्हणजे अर्ध्या तासाचं काम. गोंदियाच्या कोणत्याही दुकानात मिळते.

"पण तुमाले ऐकू..." तो म्हणाला. बाबांना ओठ दिसले होते.

बाबा त्याच्या कानाशी वाकले. "कान गेल्यावर नऊ वर्षं मिल अशीच चालवली. कान गेले हे तवा घरी नाही, मालकाले नाही, कोणालेच समजू नाही देल्लं." त्यांना वाटलं आपण हळूच सांगितलं. ऐकलं अख्ख्या गल्लीनं. खुर्च्यांतलं हसणं बंद पडलं. दारात माय उभी होती, पदर तोंडावर.

बाबांनी काडी पुढं केली. हिमांशूनं ते कुरतडलेलं टोक पहिल्यांदाच जवळून बघितलं. उंदीर नव्हता तो.

त्यानं काडी दातांत धरली. दात आपोआप त्या खुणांत जाऊन बसले. बाबांनी मागून आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर गच्च दाबले. गल्ली गेली, माणसं गेली, इंजिनाचा पंखा गेला. हेडवर टेकवली तर नुसती सपाट गुरगुर. चाकावर टेकवली.

टक. दातांत. टक. थेट कपाळात.

गल्लीच्या तोंडाशी टोवाल्याचा हॉर्न वाजला, लांबलचक. त्या दोघांना तो ऐकू आला नाही.